मराठीतील शास्त्रज्ञानाचे दिग्दर्शक : बाळशास्त्री जांभेकर

दरवर्षी ६ जानेवारी उजाडली की बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घातला जातो. १८३२ साली याच दिवशी त्यांनी 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले, म्हणून महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात. त्यात गैर काही नाही. मात्र या हारातुऱ्यांखाली त्यांच्या कार्याचा निम्मा भाग झाकला जातो. बाळशास्त्री हे आद्य पत्रकार खरेच. परंतु त्यांच्या चौतीस वर्षांच्या आयुष्याचा मोठा वाटा शिकविण्यात आणि शिकविण्याची साधने निर्माण करण्यात गेला. इंग्रजी न जाणणाऱ्या मराठी मनुष्यास पृथ्वी, आकाश, जल, वायू, उष्णता, पदार्थांचे घटक यांविषयी निदान प्राथमिक ज्ञान आपल्या भाषेत मिळावे, हा त्यांचा ध्यास होता. 'दर्पण'च्या मानाने ज्याचे नाव फारसे घेतले जात नाही ते 'दिग्दर्शन' मासिक या ध्यासाचे खरे फळ होय.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ सालचा. गाव कोकणातील पोंभुर्ले. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात ते येते. वडील गंगाधरशास्त्री विद्वान पुराणिक होते. तत्कालीन शास्त्रीघराण्यांच्या रीतीप्रमाणे मुलाचे आरंभीचे शिक्षण घरीच, वडिलांच्या हाताखाली झाले. मराठी, संस्कृत, वेदपठण आणि बरेचसे वाङ्मय बालवयातच त्याच्या मुखी आले. त्या काळी असा बुद्धिमान मुलगा पुढे काशीस किंवा पुण्यास जाऊन न्याय अथवा व्याकरण शिकला असता आणि घरी परतून दशग्रंथी पंडित म्हणून मिरवला असता. बाळशास्त्री मात्र वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी मुंबईस आले आणि 'बाळमित्र'कार सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांच्या आश्रयाने इंग्रजी शिकू लागले.

बापू छत्रे हे ज्या संस्थेचे एतद्देशीय सेक्रेटरी होते, तिचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. १८२२ साली मुंबईत 'हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी' या नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. पुढे तीच बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. शाळा काढणे आणि त्या शाळांसाठी देशी भाषांत पुस्तके तयार करविणे हे तिचे काम. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे तिला पाठबळ होते. शाळा काढणे त्या मानाने सोपे होते. पुस्तके आणायची कोठून? मराठीत ओवी होती, अभंग होता, बखर होती, पत्रव्यवहाराचे कसलेले गद्य होते. परंतु वायूला वजन असते, चंद्राच्या ओढीने समुद्रास भरती येते, या गोष्टी दहा-बारा वर्षांच्या मुलास समजतील अशा शब्दांत सांगणारे पुस्तक नव्हते. त्यासाठी लागणारे शब्दही नव्हते. मोल्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली बाहेर पडला, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या ग्रंथकारांना अडचण केवढी होती याची कल्पना येते.

या सोसायटीत बाळशास्त्री विद्यार्थी म्हणून आले आणि पाहता पाहता तिचे कार्यकर्ते झाले. १८३० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते तिचे डेप्युटी सेक्रेटरी झाले. दोन वर्षांनी बापू छत्र्यांच्या जागी सेक्रेटरी झाले. ज्या वयात आजचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या पायऱ्या चढत असतो, त्या वयात या तरुणाकडे संपूर्ण मुंबई इलाख्यातील मराठी शालेय पुस्तकांच्या निर्मितीतील जबाबदारीचे पद आले. मध्यंतरी काही काळ अक्कलकोटच्या युवराजाचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले.

मुंबई इलाखा हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. सोसायटीच्या शाळा आणि पुस्तके इलाख्याच्या सीमेत फिरत होती. आज २०२३ सालापासून पांढुर्णा जिल्ह्यात मोडणारा मोहगाव, सौंसर, पांढुर्णा हा मुलूख त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या, म्हणजे तिसऱ्या रघूजींच्या राज्यात होता. भाषा तीच असली तरी कारभार वेगळा. १८५३ साली रघूजी निवर्तल्यावर ते राज्य खालसा झाले. मात्र मराठीतून नवी विद्या आणण्याची धडपड तेव्हा एकट्या मुंबईतच चालली होती, असेही समजू नये. भोपाळजवळ सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू नावाचे मराठी ज्योतिषी पुराणांतील, सिद्धान्तग्रंथांतील आणि कोपर्निकसच्या विश्वरचनेची तुलना करीत होते. त्यांचा 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ १८३६ साली मुंबईत छापला गेला. पुढे काशीस कीर्ती मिळविणारे गणिती बापूदेवशास्त्री हेही नागपुरात शिकत असताना याच विल्किन्सनच्या दृष्टीस पडले व सिहोरास गेले. नर्मदेच्या अलीकडे-पलीकडे वस्ती केलेल्या मराठी विद्वानांनी त्या काळी बजावलेली ही कामगिरी मराठी वाङ्मयाच्या इतिहासात चार ओळींपेक्षा अधिक जागेची धनी आहे.

'दर्पण' निघाले तेव्हा बाळशास्त्री विशीत होते. एका पृष्ठावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी, अशी त्याची रचना होती. आरंभी ते पाक्षिक होते; त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून साप्ताहिक झाले. गोविंद विठ्ठल कुंटे तथा भाऊ महाजन हे त्यांचे या कामातील साहाय्यक; पुढे त्यांनीच 'प्रभाकर' काढला. पत्राच्या नावाप्रमाणे लोकांना आपले व जगाचे प्रतिबिंब दाखविणे हा हेतू होता. विधवाविवाहासारखे सामाजिक प्रश्न त्यात चर्चिले जात, परदेशच्या घडामोडी येत आणि नव्या विद्यांचा परिचयही येई. हे पत्र १८४० च्या मध्यापर्यंत, म्हणजे साडेआठ वर्षे चालले. वृत्तपत्र म्हणजे काय हेच ज्या समाजाला ठाऊक नव्हते, त्या समाजात ते इतकी वर्षे तगले हे आश्चर्यच म्हणावयाचे.

दरम्यान १८३४ साली मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजाचा आरंभ झाला. एल्फिन्स्टन स्वदेशी परतले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमविला होता. त्यातून हे कॉलेज उभे राहिले. विलायतेहून दोन प्राध्यापक आले. गणित, ज्योतिष व पदार्थविज्ञान यांसाठी ऑर्लिबार आणि भाषावाङ्मयासाठी हार्कनेस. यांच्या जोडीला साहाय्यक प्राध्यापक म्हणून ज्या एतद्देशीय विद्वानाची नेमणूक झाली, ते बाळशास्त्री. असे पद मिळविणारे ते पहिलेच भारतीय. ऑर्लिबार नसतील तेव्हा गणित व ज्योतिष शिकविण्याचे कामही त्यांच्याकडे येई. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड, केरो लक्ष्मण छत्रे ही मंडळी त्यांच्या शिष्यवर्गातील.

वर्गात शिकविणे इंग्रजीतून आणि घरी बसून लिहिणे मराठीतून, असा त्यांचा दुहेरी संसार चालला होता. 'बालव्याकरण', 'भूगोलविद्या', 'ज्योतिषशास्त्र', 'नीतिकथा', 'सारसंग्रह', 'इंग्लंड देशाची बखर' ही त्यांची पुस्तके याच वर्षांतली. विषयांची ही विविधता पाहून आजच्या विशेषज्ञांच्या युगात कोणी नाक मुरडील. पण ज्या घरात एकच भांडे आहे, तेथे त्याच भांड्यात पाणीही तापवावे लागते आणि भातही शिजवावा लागतो. त्यांच्या 'शून्यलब्धि' या पुस्तकाचा मात्र वेगळा विचार केला पाहिजे. ज्याला आज आपण विकलन म्हणतो, त्या गणितशाखेवरचे हे पुस्तक. दोन राशींतील फरक कमी करीत करीत शून्याकडे नेला असता त्यांच्या गुणोत्तराची किंमत काय येते, हा त्या शास्त्राचा गाभा. आणि 'शून्य' व 'लब्धि' या दोन शब्दांची फोड केली तर तोच अर्थ हाती येतो. केवळ इंग्रजी शब्दाचे भाषांतर करणाऱ्यास असा शब्द सुचणे कठीण. संस्कृत गणिताची परंपरा पचविलेला आणि नव्या गणिताचे मर्म उमगलेला मनुष्यच तो घडवू शकतो. पुढे तो शब्द टिकला नाही, 'कलन' रूढ झाले, हा भाग निराळा.

परिभाषेच्या बाबतीत बाळशास्त्र्यांच्या पिढीला एक सोय होती, तशीच एक अडचण होती. सोय अशी की ज्योतिषगणितात संस्कृतचे भांडार संपन्न होते. पृथ्वीचा गोलाकार, ग्रहणाचे कारण, पृथ्वीची आकर्षणशक्ती या कल्पना भास्कराचार्यांच्या ग्रंथांत सापडत होत्या. तेव्हा भूगोल आणि खगोल शिकविताना नवे काही परकीय सांगत आहोत असे वाटू न देता सांगता येई. अडचण अशी की रसायनशास्त्रात तसा आधार नव्हता. निरनिराळे वायू, आम्ले, मूलद्रव्ये यांना मराठीत काय म्हणावे, याचा निर्णय प्रत्येक लेखकाला स्वतः करावा लागे. त्याच सुमारास हरी केशवजी यांनी पदार्थविज्ञान व रसायन हे विषय संवादरूपाने मराठीत आणले; गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांचा तो साचा इंग्रजी पुस्तकांतून आलेला असला तरी आपल्याकडील पुराणश्रवणाच्या सवयीला तो मानवणारा होता. बाळशास्त्र्यांनी सरळ निबंधाचा मार्ग धरला.

१ मे १८४० रोजी 'दिग्दर्शन' या मासिकाचा पहिला अंक निघाला. मराठीतील हे पहिले मासिक. 'दर्पण' तेव्हा अद्याप चालू होते. पुढे दोनेक महिन्यांत ते थांबले. म्हणजे वृत्तपत्र बंद पडल्यावर विरंगुळा म्हणून मासिक काढले असे नव्हे, तर बातमीपेक्षा ज्ञानाच्या प्रसाराकडे शक्ती लावण्याचा विचार आधीच झालेला होता असे तारखा सांगतात. या मासिकाची योजना बारकाईने पाहिली तर तिच्यात एका अध्यापकाचे मन दिसते. पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, गणित, इतिहास, व्याकरण असे विषय त्यात येत आणि त्यांसोबत नकाशे व आकृत्या असत. कोणत्याही एका शास्त्रात वाचकाला पंडित करणे हा त्याचा उद्देश नव्हता. नव्या गावी आलेल्या पाहुण्याला आधी वेशीवर उभे करून नदी कोठे, देऊळ कोठे, बाजार कोठे ते दाखवावे, त्याप्रमाणे विद्यांच्या या नव्या गावाच्या दिशा दाखविणे एवढेच काम ते करीत होते. नावच 'दिग्दर्शन'.

आकृत्या व नकाशे यांचा उल्लेख सहज वाचून पुढे जाण्याजोगा नाही. शिळाप्रेसच्या त्या काळात आकृती काढवून घेणे, ती दगडावर उतरविणे व मजकुराशी जुळवून छापणे हे खर्चाचे आणि कटकटीचे काम होते. परंतु तरफ, कप्पी किंवा ग्रहणातील छाया ही शब्दांनी कितीही वर्णिली तरी चार रेघांनी जेवढी समजते तेवढी समजत नाही, हे शिक्षकाला ठाऊक असते. परंपरेने श्रवणाच्या मार्गाने शिकलेल्या समाजाला पाहून शिकण्याची सवय लावण्याचे काम 'दिग्दर्शन'च्या पानांनी केले.

या मासिकाची भाषा मात्र आजच्या वाचकाला जड वाटेल. वाक्ये लांबलचक, संस्कृत समासांनी भरलेली, क्वचित इंग्रजी वाक्यरचनेच्या वळणावर गेलेली. चिपळूणकरांच्या काळात मराठी गद्याला जे डौलदार रूप आले, ते येथे शोधू नये. रस्ता पहिल्यांदा फोडणारा मनुष्य वळणे सुंदर करीत बसत नाही. सुमारे पाच वर्षे बाळशास्त्र्यांनी 'दिग्दर्शन' चालविले, आणि तेही कॉलेज, वेधशाळा, सरकारी नेमणुका या सर्वांचा भार वाहत असताना.

वेधशाळेची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली होती. बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी व आकाशाचे वेध घेता यावेत, हा मूळ हेतू. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. त्यामागे युरोपातील एक मोठी योजना होती. जर्मनीतील गटिंगेन येथे गणिती गाउस यांनी असे प्रतिपादन केले होते की होकायंत्राची सुई उत्तरेपासून किती ढळते, ते ढळणे दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी कसे बदलते, याच्या नोंदी जगात अनेक ठिकाणी एकाच वेळी घेतल्या तरच पृथ्वीच्या चुंबकशक्तीचे स्वरूप उमगेल. त्यानुसार पृथ्वीवर ठिकठिकाणी वेधशाळा निघाल्या आणि कुलाबा त्यांपैकी एक झाली. ऑर्लिबार यांच्या अनुपस्थितीत काही काळ या वेधशाळेची सूत्रे बाळशास्त्र्यांकडे होती. पोंभुर्ल्याच्या पुराणिकाचा मुलगा कुलाब्याच्या खडकावर बसून, गटिंगेनमध्ये आखलेल्या योजनेनुसार चाललेल्या सूक्ष्म नोंदींवर देखरेख करीत होता, हे दृश्य मराठी विज्ञानाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे. पुस्तकातून विज्ञान सांगणे निराळे आणि यंत्राशेजारी रात्र जागवून आकडे मांडणे निराळे. बाळशास्त्र्यांनी दोन्हीचा अनुभव घेतला. तेथेच पंधरा-सोळा वर्षांचे केरो लक्ष्मण छत्रे साहाय्यक म्हणून काम करू लागले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या तेव्हा चुंबकीय नोंदींत व्यत्यय येईल म्हणून १९०४ च्या सुमारास हे काम अलिबागेस हलविण्यात आले व तेथे आजही ते चालू आहे.

याच वर्षांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात शिलालेख व ताम्रपटांवरील त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस केले. मान वाढत होता, परंतु तो मान लवकरच कसोटीस लागावयाचा होता.

१८४३ साली श्रीपत शेषाद्री नावाच्या अल्पवयीन ब्राह्मण मुलाचे प्रकरण उपस्थित झाले. त्याचा वडील भाऊ नारायण याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि श्रीपतही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. बापाने न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने मुलाला बापाच्या स्वाधीन केले. आता त्याला जातीत परत घ्यावयाचे की नाही हा प्रश्न पडला. बाळशास्त्र्यांनी निःसंकोचपणे मुलाची बाजू घेतली. प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे असा आग्रह धरला. शास्त्राधार दाखविले. सनातनी मंडळी बिथरली आणि बाळशास्त्र्यांवर बहिष्काराचे सावट आले. आकाशातील ग्रहांची गती सांगणाऱ्या शास्त्र्याला कोणी फारसे अडविले नव्हते. एका पोराला त्याच्या आईबापांच्या पंक्तीला बसवू पाहणाऱ्या शास्त्र्याला मात्र गावाने वाळीत टाकण्याची भाषा केली. तरी ते मागे हटले नाहीत. धर्मावर त्यांची श्रद्धा होती आणि हा सारा खटाटोप त्या श्रद्धेतूनच चालला होता, हे विसरता कामा नये. याच गृहस्थांनी १८४५ साली 'ज्ञानेश्वरी' प्रथम शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली. आतापर्यंत हस्तलिखित पोथीत बांधलेला हा ग्रंथ त्यामुळे प्रथमच छापील रूपात हाती येऊ लागला.

अखेरच्या दोन वर्षांत त्यांच्याकडे दक्षिण विभागातील शाळांच्या तपासणीचे काम आले आणि १८४५ साली शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची प्रमुखपदाची जबाबदारीही आली. पुस्तके झाली, मासिक झाले; आता ती शिकवणारे शिक्षक हवेत, हा क्रम सरळ होता. त्याच वर्षी मुंबईत 'बॉम्बे नेटिव्ह जनरल लायब्ररी' उभी राहिली. तिच्या उभारणीत बाळशास्त्री अग्रभागी होते. शाळा सोडलेल्या मनुष्याने पुढे वाचावे कोठे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. ग्रंथालय हे शाळेचेच पुढचे दालन आहे ही कल्पना आज सर्वमान्य असली, तरी त्या वेळी ती मोजक्या लोकांच्याच मनात होती. पुण्यात नगरवाचनालयाची स्थापना झाली ती यानंतर तीन वर्षांनी, १८४८ साली.

शाळातपासणीच्या दौऱ्यांची दगदग, मागे साचलेले लेखनाचे काम, प्रकृतीकडे दुर्लक्ष यांचा परिणाम व्हावयाचा तो झाला. तापाचे निमित्त होऊन मे १८४६ मध्ये बाळशास्त्री निवर्तले. वय अवघे चौतीस.

त्यांच्या मृत्यूनंतर लगेचच एक वाद पेटला. उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून, हा तो वाद. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कट्टर पुरस्कर्ते होते. नाना शंकरशेट यांनी मराठीची बाजू लावून धरली. शेवटी सरशी इंग्रजीची झाली. बाळशास्त्री असते तर या वादात त्यांनी काय केले असते, याची कल्पना करणे व्यर्थ. पण मराठीतून शास्त्रे शिकविता येतात याचा जिवंत पुरावा म्हणून जे गृहस्थ उभे राहू शकले असते, तेच नेमके त्या वेळी नव्हते. 'शून्यलब्धि'सारखे उच्च गणितावरचे पुस्तक ज्या भाषेत लिहिले गेले होते, त्याच भाषेत उच्च गणित शिकविणे अशक्य आहे असे पुढे शंभर वर्षे ऐकवले गेले.

तरीही खालच्या इयत्तांत आणि वाचनालयांच्या टेबलांवर काम चालू राहिले. १८४८ साली एल्फिन्स्टन कॉलेजाच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या सभेची मराठी शाखा ज्ञानप्रसारक सभा या नावाने स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. तिच्या आश्रयाने १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघू लागले. 'दिग्दर्शन'ने पाडलेल्या वाटेवरच ते चालले. दादाभाई नौरोजी त्याच एल्फिन्स्टन कॉलेजात गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. भाऊ दाजी वैद्यक शिकून डॉक्टर झाले आणि गुरूप्रमाणेच शिलालेखांच्या वाचनातही रमले. कुलाब्याच्या वेधशाळेत घडलेले केरूनाना पुढे पुण्यास गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांनी शाळांसाठी पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. त्यांच्या वर्गात बसून गणित शिकलेल्यांत बाळ गंगाधर टिळक नावाचा एक विद्यार्थी होता.